भिंतीवरचे तीन ठोके

खरं सांगतोय म्हणून शपथा घेत बसणार नाही. माझ्या कपाटात हॉस्पिटलचे कागद आहेत. त्यात लिहिलंय... चार बरगड्या मोडल्या, जबडा दोन ठिकाणी फ्रॅक्चर, उजव्या कानाचा पडदा फाटला.

त्याच कागदावर 'इजेचं कारण' असा एक रकाना आहे.

तो आजही रिकामा आहे.

आणि ही रात्रीबिरात्रीची गोष्ट नाही. रविवारची दुपार होती. तीन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन, गल्लीत एकजण पाइप लावून गाडी धूत होता. माझी ताई बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. आणि तिच्यापासून फक्त एका भिंतीच्या अंतरावर...

पण असं मधूनच सांगून कळायचं नाही. दाजींपासून सुरुवात करतो.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करायचे. वीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून त्यांचे कान असे तयार झाले होते, की नुसत्या घरघरीवरून सांगायचे, कुठलं बेअरिंग झिजलंय. स्वभावाने गरीब गाय. आयुष्यात कुणाला चापट मारली नाही, कुणाची खाल्ली नाही. वेड एकच होतं, गाणी ऐकायचं. तुम्ही-आम्ही काम करता करता ऐकतो तसं नाही. खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखं.

अठरा वर्षं त्यांनी ही हौस भाड्याच्या दोन खोल्यांत, फ्रिज आणि कपाटाच्या मधल्या फटीत भागवली. मग एक जुनं बैठं घर मिळालं. मागे एक जादा खोली होती. दाजींनी स्वयंपाकघर बघायच्या आधी ती खोली बघितली.

"ही माझी," ते म्हणाले.

"घ्या बाई," ताई म्हणाली. "निदान बाहेरच्या खोलीत माणसांना बसायला जागा तरी होईल."

खोली बारा बाय बारा. अगदी चौकोनी, छत बुटकं, खिडकी एकच आणि तीही उंचावर. छताच्या मधोमध एक जाडजूड लोखंडी हूक होता.

"पंख्याचा असेल," दाजी म्हणाले.

पंख्याला एवढं जाड लोखंड कशाला लागतं, हा प्रश्न खरं तर लिफ्टवाल्या माणसाला पडायला हवा होता. पण हौस डोळ्यांवर आली की माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

मोठ्या उत्साहाने स्पीकर मांडले. पायाशी सबवूफर ठेवला, म्हणजे नुसता बास, खालचा घुमणारा आवाज, काढणारा तो ठोकळा. पहिलं गाणं लावलं आणि दाजींचा चेहरा पडला.

कोपऱ्यात उभं राहिलं की बास असा घुमायचा, की छातीत धडधड. आणि खोलीच्या मध्ये खुर्चीत बसलं, की बास गायब! त्यांनी मला फोनवर सगळं समजावलं. चौकोनी खोलीत बासच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींवर आपटतात, कोपऱ्यात साचतात आणि मध्ये एकमेकींना खाऊन टाकतात. चाळीस मिनिटं समजावत होते. मी फोन टेबलावर ठेवून मधूनमधून "हो का?" म्हणत होतो. तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दाजींनी एक मोजणीचा माइक आणला. लॅपटॉपला जोडून कोपऱ्याशी ठेवला. स्पीकरमधून अगदी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक लांबलचक "हूऽऽऽ" सोडायचा आणि खोली त्याचं काय करते त्याचा आलेख पडद्यावर बघायचा. तिथे एक डोंगर यायचा. नेहमी एकाच जागी, सत्तेचाळीस हर्ट्झवर. त्यांच्या घरात हा सत्तेचाळीस एखाद्या नावडत्या पाहुण्यासारखा झाला होता. जेवतानासुद्धा त्याचाच विषय.

"आज कसा आहे तुमचा सत्तेचाळीस?" ताई विचारायची.

"बसलाय ठाण मांडून," दाजी म्हणायचे.

मग कोपरे भरायचं ठरलं. लाकडी चौकटी बनवल्या, त्यात रॉकवूलचे, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे, जाड गठ्ठे दाबून भरले. असे सोळा. वरून कापड शिवून घ्यायचं होतं. शेजारी एक काकू होत्या. भिंतीला भिंत लागून घर, दिवसभर शिलाई मशीन चालू, गळ्यात कायम मापाची टेप. त्यांच्याकडे दाजी कापड घेऊन गेले.

"एवढ्या मोठ्या खोळी कसल्या हो?" काकूंनी विचारलं.

"आवाज पिऊन टाकायला. मागच्या खोलीत लावायच्यात."

काकूंच्या हातातली कात्री थांबली.

"मागच्या खोलीत?"

"हो. का?"

काकूंनी ती खाली ठेवली. मग मशीनकडे बघत म्हणाल्या, "तिथला आवाज अजिबात बाहेर येणार नाही का मग?"

दाजींना वाटलं, शेजारणीला त्रास नको आहे. ते हसून म्हणाले, "काळजीच सोडा, काकू."

काकूंनी खोळी वेळेवर शिवून दिल्या. पण द्यायला आल्या तेव्हा उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ताईने दोनदा बोलावलं, तरी नाही.

चौकटी बसल्या. चारही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत भरले. दाराला कडेने रबर लावलं आणि आतून एक मोठी कडी बसवली, कारण दार घट्ट ओढून कडी लावली नाही तर ते थरथरायचं. मग दाजींनी एक चाचणी घेतली.

ताईला बाहेरच्या खोलीत उभं केलं. स्वतः आत गेले, कडी लावली आणि जीव खाऊन ओरडले. एकदा, दोनदा, तीनदा. बाहेर आले तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"ऐकू आलं?"

"तुम्ही सुरुवात केली का?" ताईने विचारलं.

दाजी लहान मुलासारखे खूश झाले. ताईचा हात धरून त्यांनी तिला समजावलं. गठ्ठे आणि रबर माणसाचा आवाज गिळतात. ओरडणं, रडणं, गाणं, सगळं. पण बास? तो भिंतीतून आरपार जाणारच. त्याला अडवणं आपल्या हातात नाही.

"म्हणजे मला तुमची गाणी नाही, नुसती धपधप ऐकू येणार?"

"धपधप जास्त झाली तर भिंतीवर तीन ठोके मार. मी लगेच हळू करीन."

ठरलं. ताईने तीन ठोके मारायचे, दाजींनी आवाज हळू करायचा. दोघांचा तो खेळच झाला होता. इतकं गुणी जोडपं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पण सत्तेचाळीस काही हलेना.

पहिली गोष्ट घडली ती एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. सबवूफरसाठी खोलीत चांगली जागा शोधायची या लोकांची एक पद्धत असते. सबवूफर उचलून आपल्या खुर्चीत बसवायचा, त्यावर एकच सूर चालू ठेवायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीलगत ठेवून भिंतीकडेने फिरायचं. जिथे बास सारखा ऐकू येईल, ती जागा पक्की.

दाजी रांगत होते. सत्तेचाळीसचा सूर चालू होता. सगळी खोली घुमत होती. दाराच्या मागच्या कोपऱ्यापाशी आले आणि...

आवाज बंद.

एकदम. कानांवर कुणी उशी दाबावी तसा. दाजी हातभर मागे सरकले. आवाज परत चालू. पुढे सरकले, बंद.

कोपऱ्यात बास साचतो, मरत नाही. त्यांनी हाताने चाचपडून बघितलं. अंदाजे दोन हात लांब, दीड हात रुंद एवढ्याच जागेत आवाज नव्हता. जमिनीलगत. वर उठून उभं राहिलं की होता.

एखादं माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडलं, तर जेवढी जागा अडेल... तेवढीच.

दाजींनी खडूने ती जागा आखून ठेवली. घाबरले नाहीत. त्यांना वाटलं, रॉकवूल कमीजास्त भरला गेलाय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत मोजलं.

ती जागा सरकली होती.

खडूची रेघ तिथेच होती. मुकी जागा मात्र चार फूट पुढे, दाराच्या दिशेने आली होती. दाजी मला नंतर म्हणाले, "अरे, खोलीतली वस्तू हलल्याशिवाय असली जागा हलत नाही. मी एक चौकट हलवली नव्हती."

मग साखळीचा आवाज सुरू झाला. बास लावला की घरातलं काहीतरी खुळखुळतं, कपबशी, खिडकीची काच, हे त्या लोकांना नेहमीचंच. दाजी खुळखुळणारी वस्तू शोधायचे आणि तिला फोम चिकटवायचे. पण हा आवाज वरून यायचा. छताच्या हुकापासून. जड साखळी एकावर एक घासावी तसा.

हुकाला साखळी नव्हती.

दाजींनी हूक काढायचा प्रयत्न केला. निघेना. शेवटी त्याला फोम गुंडाळून वर चिकटपट्टी मारली. खुळखुळ थांबली. आता फक्त एक चरचर यायची. मधोमध काहीतरी जड लोंबकळतंय आणि हळूहळू झोके घेतंय, अशी.

"सोडा ना तो नाद," ताई एकदा म्हणाली. "तुमचा चेहरा बघा आरशात. चार महिने नीट झोपला नाहीत."

"एकदा ती रेघ सरळ येऊ दे," दाजी म्हणाले. "अठरा वर्षं थांबलोय गं. एकदाच. मग बघ, तुला शेजारी बसवून गाणं ऐकवतो."

आता त्या रविवारकडे येतो.

जेवणं झाली. ताईने इस्त्री तापत ठेवली. दाजी आत गेले, दार ओढून कडी लावली. तीनला पाच कमी होते. माइक नेहमीसारखा कोपऱ्याशी ठेवला, स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले आणि "हूऽऽऽ" सोडला.

आलेख पडद्यावर उमटला.

रेघ सरळ होती.

डोंगर नाही, खड्डा नाही. सत्तेचाळीसच्या जागी काहीच नाही. दाजींना वाटलं, मोजताना चूक झाली. पुन्हा सोडला. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा सोडला. तशीच सरळ रेघ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला हाक मारायची म्हणून वळले, आणि वळता वळता त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला.

काल डोंगर होता. आज नाही. मधल्या काळात खोलीत काही बदललं नाही. मग एवढा बास पितंय कोण?

काहीतरी मोठं हवं. जड हवं. माणसाएवढं... नाही, दोन माणसांएवढं.

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. भिंतीतला प्लगसुद्धा काढला. एकदम शांत.

वर हुकाची चरचर चालू होती.

त्यांनी वर बघितलं. आणि पहिला फटका बसला.

पोटात. दाजींना आधी वाटलं, विजेचा झटका बसला. ते वाकले, तोंडातून हवा निघून गेली. दुसरा फटका डाव्या बरगड्यांवर आला. दुखणं नंतर आलं, आवाज आधी आला.

धप्.

ज्या माणसाने घरघरीवरून बेअरिंग ओळखलं, त्याने तो आवाज लगेच ओळखला. चार महिने ज्याच्या मागे लागले होते, तोच हा. सत्तेचाळीस.

समोर कुणी नव्हतं. ऊन होतं. उंच खिडकीतून आलेला पट्टा जमिनीवर पडला होता. तिसरा फटका जबड्यावर बसला आणि त्यांचे दोन दात त्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन पडले.

दाजी ओरडले.

जीव तोडून ओरडले. आणि ओरडता ओरडता त्यांना ती चाचणी आठवली. तीनदा ओरडून बाहेर आलेले ते, आणि "तुम्ही सुरुवात केली का?" विचारणारी ताई. त्यांचा आवाज भिंतीपर्यंतसुद्धा जात नव्हता. सोळा चौकटी तो पिऊन टाकत होत्या.

ते रांगत दाराकडे निघाले. कडी हाताच्या अंतरावर होती. बोटं लागलीसुद्धा. तेवढ्यात घोट्याला धरून त्यांना मागे ओढलं गेलं, नखांनी जमिनीवर ओरखडे उमटले. मग उचलून दारामागच्या कोपऱ्यात टाकलं. खडूने आखलेल्या जागेत.

आणि मग सुरू झालं. घाई नव्हती. राग आलेला माणूस कसाही मारतो. हे तसं नव्हतं. हे रोज सराव करणाऱ्या माणसाचं मारणं होतं. डावा, उजवा. डावा, उजवा. पाठीवर, बरगड्यांवर, कानावर. प्रत्येक फटक्याला भिंत हादरत होती. उजव्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि गरम रक्त मानेवरून वाहायला लागलं. गुडघे आपोआप पोटाशी गेले. दाजींना तेव्हा कळलं की या जागी माणूस असाच पडतो.

ठक्. ठक्. ठक्.

भिंतीवर तीन ठोके.

ताई!

मारणं थांबलं.

दाजींनी श्वास रोखून धरला. आता ती येईल. दार वाजवेल, माणसं बोलावेल. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. आणि अगदी जवळ, त्यांच्या डोक्यावर, कुणाचा तरी जड श्वास ऐकू आला. तेही थांबून ऐकत होतं. शेजाऱ्यांना त्रास होत नाही ना, हे बघणाऱ्या सभ्य माणसासारखं.

मग एक जाड, चामड्याचा पंजा त्यांच्या तोंडावर बसला. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकून. कुजक्या घामाचा वास आला.

आणि फटके पुन्हा सुरू झाले.

हळू.

आता भिंत हादरत नव्हती. मोजून, नेमके, जिथे हाड आधीच मोडलंय तिथेच. बाहेर जाणार नाही एवढ्या आवाजात.

बाहेर ताईने शर्ट उलटा करून कॉलरवर इस्त्री फिरवली. मघाशी फळीवरचे कप वाजत होते. आता धपधप एकदम कमी झाली होती. तिला हसू आलं. 'काही म्हणा, ऐकतात माझं,' असं ती मनात म्हणाली. हे तिने स्वतः मला सांगितलंय. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं.

दाजी वाचले ते काकूंमुळे.

पलीकडच्या भिंतीशी काकू मशीनवर बसल्या होत्या. आधी त्यांना मोठे धपाके ऐकू आले. मग तीन ठोके. मग हळू झालेली धपधप. त्या तशाच उठल्या. पायात चप्पल नाही, हातात कात्री, गळ्यात टेप. गाडी धुणाऱ्याला हाका मारत त्या दारात आल्या आणि ज्या उंबरठ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तो ओलांडून थेट आत घुसल्या.

"दार फोडा! आधी दार फोडा!"

"काकू, अहो काय झालं? यांचा स्पीकर चालू आहे," ताई म्हणाली.

"स्पीकर नाही गं तो!" काकू किंचाळल्या. "माणूस मारतोय तो!"

गाडी धुणाऱ्याने पहार आणली. चार घावांत कडी उखडली. दार उघडलं तेव्हा खोलीत दाजींशिवाय कुणी नव्हतं. ते कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. चौकटींवरच्या खोळींवर, भिंतीवर, स्पीकरच्या जाळीवर रक्त उडालं होतं. प्लग जमिनीवर पडलेला होता. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ती सरळ रेघ...

काकूंनी नंतर हॉस्पिटलच्या बाकावर बसून ताईला आणि मला सगळं सांगितलं.

सोळा वर्षांपूर्वी त्या घरात बॉक्सिंग शिकवणारे एक मास्तर राहायचे. उंचेपुरे, बोलायला गोड. मागच्या खोलीत छताला साखळीने सरावाची बॅग टांगलेली होती. दुपारी तीनच्या सुमाराला धपधप सुरू व्हायची. सगळ्यांना ठाऊक होतं, मास्तर सराव करतायत.

"फार झालं की मी भिंतीवर ठोकायचे," काकू म्हणाल्या. "लगेच हळू करायचे. मी सगळ्यांना सांगायचे, काय चांगला शेजारी आहे बाई. एका शब्दाने बोलावं लागत नाही."

त्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बायको गेली तेव्हा पोलिसांनी बॅग खाली उतरवली. तिच्यावर बोटभर धूळ होती. कित्येक महिन्यांत तिला कुणी हात लावला नव्हता."

मास्तर तुरुंगातच मेले. काकू म्हणाल्या, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे स्वतःचे ठोकेसुद्धा सांगावे लागले असते, आणि ते त्यांच्याने झालं नाही.

डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, घरात भांडण झालं का? रक्त आलं ते तोंडातून आणि कानातून, कातडं कुठे फाटलेलं नाही आणि आत हाडं मोडलीत, म्हणजे मारणाऱ्याने हातात काहीतरी जाड घातलं होतं. पोलीस येऊन गेले. आतून लावलेली कडी, उंच खिडकी, तिला गज. त्यांनीही हात टेकले. म्हणून तो रकाना रिकामा राहिला.

दाजींचा जबडा तारेने बांधला होता. बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताई घरी अंघोळीला गेली असताना त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि सलाईन नसलेल्या हाताने एकेक अक्षर टाइप करत मला सगळं लिहून दाखवलं. ठोक्यांनंतर काय झालं, तेसुद्धा. पंजा, ते थांबून ऐकणं, ते हळू मारणं.

शेवटी लिहिलं, 'ताईला सांगू नकोस. ती जगायची नाही.'

मग स्वतःच सगळं पुसून टाकलं. पण मी वाचलं होतं.

आता ते दुसरीकडे राहतात. लहान फ्लॅट, तिसरा मजला. स्पीकर, माइक, चौकटी, सगळं देऊन टाकलं. घरात रेडिओसुद्धा नाही. दाजींना उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने येतं. पण ते आता गाणं ऐकायला बसत नाहीत.

ताई मात्र अधूनमधून एकच प्रश्न विचारायची. भाजी निवडताना, चहा गाळताना, मध्येच.

"मी ठोके मारले तेव्हा थांबला होता ना हो तो?"

"थांबला होता," दाजी म्हणायचे. "तुझ्यामुळे तर वाचलो."

एवढं ऐकलं की ती दोन-चार दिवस नीट जेवायची.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. रविवार होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दुपारी आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो. ताईने परत तोच प्रश्न विचारला. दाजींनी तेच उत्तर दिलं. ताई हसली आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतायला लागली.

आणि भिंतीवर...

ठक्. ठक्. ठक्.

मी दचकलो. ताईचा हात हवेतच राहिला.

पण दाजी...

दाजींनी कप सोडून दिला. गुडघे पोटाशी ओढले. आणि स्वतःचाच पंजा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला, नाकापासून हनुवटीपर्यंत. डोळे मिटून घेतले. श्वास बंद. सगळं शरीर पुढच्या फटक्याची वाट बघत होतं.

मी उठून बाहेर धावलो. शेजारच्या फ्लॅटला कुलूप होतं. खालच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, तिथे वर्षभर कुणी राहत नाही.

मी आता माझ्या घरी असतो तेव्हा कान भिंतीकडे असतात. पलीकडून धपधप आली तर मी ठोकत नाही. चप्पल घालतो, जातो आणि दार उघडेपर्यंत बेल वाजवतो. लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत.

त्या दुपारी मी वर परत आलो तेव्हा चहा टेबलावरून जमिनीवर ठिबकत होता. दाजींचा हात अजून तोंडावरच होता. ताई त्यांच्या समोर बसली होती आणि त्या हाताकडे बघत होती. खूप वेळ बघत होती.

मग तिने हळूच त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा कधीच विचारला नाही.